केसिंगच्या नळीतली दुर्बीण

शीर्षक वाचून हा लेख विंधन विहिरींवर आहे असा कोणाचा समज होण्याचा संभव आहे, म्हणून प्रथमच सांगते की तो आकाशावर आहे. विंधन विहिरीचा संबंध एवढाच, की २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या रानात घेतलेली बोअर चारशे फुटांच्या खाली गेली तरी पाण्याऐवजी फुफाटाच वर आला. तिच्यासाठी आणलेल्या आठ इंची केसिंग पाइपचा पाच फुटांचा एक तुकडा शिल्लक राहिला आणि गोठ्याच्या मागे पडून होता. तो तुकडा आज माझ्या दुर्बिणीची नळी आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञान दहावीला सुटले ते सुटलेच. आमच्या घरात सातवीच्या पुढे कोणी गेलेले नाही, त्यामुळे मी कॉलेजात नक्की काय शिकते हे घरच्यांना सांगताना माझी नेहमीच पंचाईत होते. ‘भूगोल’ म्हटले की आजी विचारते, “म्हंजे नकाशे काढायचे व्हय?” अशा मुलीने काचा घासून दुर्बीण करावी आणि तिला कॅमेरा लावून ताऱ्यांची छायाचित्रे घ्यावीत, हे ऐकून वर्गातल्या काही मंडळींनी माझी यथेच्छ थट्टा केली. ती थट्टा रास्त होती की नाही हे वाचकांनी लेख वाचून ठरवावे.

सुरुवात झाली ती प्रथम वर्षाच्या वर्गात. पृथ्वीच्या गती शिकविताना सर सहज बोलून गेले की जगातल्या नामांकित खगोलशास्त्रज्ञांपैकी काही जण एकदा आपल्या शेजारी येऊन राहिले होते. आपले मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावर आहे. त्याच रस्त्याने पुढे करमाळा लागते आणि करमाळ्याच्या पलीकडे रेल्वेचे जेऊर स्टेशन. २२ जानेवारी १८९८ रोजी तेथून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. त्यासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल पत्नीसह जेऊरला आले. पुण्याहून कावसजी दादाभाई नायगमवाला आले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ साली उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख होते. त्या वेधशाळेतील वीस इंची दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. पुढे १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

कॅम्पबेल यांनी बरोबर आणलेला कॅमेरा ऐकून मी चकितच झाले. त्याचे भिंग अवघे पाच इंची, पण भिंगापासून काचेच्या छायाचित्रपट्टीपर्यंतचे अंतर चाळीस फूट! अंतर जितके मोठे तितकी प्रतिमा मोठी, या हिशेबाने सूर्याची प्रतिमा सुमारे साडेचार इंच पडते. सूर्य सरकतो म्हणून ती पट्टीही यंत्राने त्याच वेगाने सरकवायची. एवढी यातायात कशासाठी, तर सुमारे दोन मिनिटांच्या काळोखासाठी. जेऊरच का, याचे उत्तर आपल्या हवामानात आहे. जानेवारीत आपल्याकडे आभाळ कोरडे ठणठणीत असते. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९६-९७ मध्ये, दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडून गेला होता. पाऊस न देणारे हेच आभाळ दूरदेशीच्या लोकांना हवेसे वाटले, ही गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. आमच्या घरात आभाळाकडे फक्त ढगासाठी पाहतात.

आता दुर्बिणीकडे वळते. दुर्बीण म्हणजे लांबचे जवळ आणणारे यंत्र, अशी माझी समजूत होती. ती अर्धीच खरी आहे. दुर्बिणीचे पहिले काम उजेड गोळा करणे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. माझ्या दुर्बिणीचा आरसा दीडशे मिलिमीटरचा, म्हणजे सहा इंची आहे. दोन्हींच्या क्षेत्रफळाचे गुणोत्तर काढले तर आरसा डोळ्याच्या सुमारे साडेचारशे पट उजेड गोळा करतो. पावसाचे पाणी वाटीत धरावे की पत्र्यावरून पिंपात, तसा हा फरक.

भिंग न वापरता आरसा का वापरला, असे कोणी विचारील. चांगल्या भिंगाला निदान दोन काचा व त्यांच्या चार बाजू अचूक घासाव्या लागतात, आणि उजेड काचेच्या आतून जात असल्यामुळे काचही निर्दोष हवी. आरशाची एकच बाजू घासायची असते. न्यूटनने १६६८ साली अशी परावर्तक दुर्बीण स्वतःच्या हाताने केली. विल्यम हर्शल हा तर पेशाने संगीतशिक्षक. त्याने घरी घासलेल्या सहा इंचांहून किंचित मोठ्या आरशातून, घरामागच्या बागेत उभे राहून, १३ मार्च १७८१ रोजी युरेनस शोधला. आरशाला झिलई देताना मध्येच हात थांबविता येत नसे म्हणून त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवी. (मला कोणी भरविले नाही. उलट “आधी भाकरी थाप,” असे ऐकावे लागले.)

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना वाट दाखवीत आली आहे, आणि पुण्याच्याच आयुका संस्थेत आरसा घासण्याच्या कार्यशाळा झालेल्या आहेत. असे काम शिकलेले एक गृहस्थ सरांच्या ओळखीचे निघाले. त्यांनी फोनवर सांगायचे आणि मी इकडे करायचे, असा आमचा शिक्षणक्रम ठरला. मे २०२५ मध्ये पुण्याहून सहा इंच व्यासाच्या, एकोणीस मिलिमीटर जाडीच्या काचेच्या दोन चकत्या आणल्या. पैसे कांदालागणीच्या मजुरीचे होते.

घासण्याची रीत इतकी साधी आहे की प्रथम विश्वास बसत नाही. दगडगोटे भरलेल्या पिंपावर एक चकती घट्ट बसवायची. तिच्यावर पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी टाकायची, दुसरी चकती वर ठेवून दोन्ही हातांनी मागेपुढे न्यायची. पाच-सहा हात झाले की वरची चकती थोडी फिरवायची, आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचे, पुन्हा घासायचे. वरची चकती पुढे गेली की तिचा मधला भाग खालच्या चकतीच्या कडेवर दाबला जातो. त्यामुळे वरचीचा मध्य झिजतो आणि खालचीच्या कडा झिजतात. वरची खोलगट होते, खालची फुगीर. आजीने दोन दिवस पाहिले आणि म्हणाली, “पाट्याला खळगा पडतो, वरवंटा गोल होतो, तसंच की.” मी तीन पाने टिपणे काढली होती, त्यांत याहून अधिक काही नव्हते.

हाताने घासूनही गोलाई अचूक कशी येते, याचे कारण भूमितीत आहे. दोन पृष्ठभाग कसेही फिरविले, कसेही सरकविले तरी सर्व ठिकाणी एकमेकांना चिकटून राहतात ते केवळ गोलाचे भाग असतील तरच. जेथे उंचवटा असेल तेथे घर्षण जास्त, म्हणून तो आधी झिजतो. आपला हात वेडावाकडा चालतो हा येथे दोष नसून गुण ठरतो. यंत्रासारखा एकाच रेषेत चालला असता तर चर पडली असती.

खोली किती हवी? माझ्या आरशाचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर, म्हणजे ज्या गोलाचा तो तुकडा आहे त्याची त्रिज्या २४०० मिलिमीटर. आरशाच्या अर्ध्या रुंदीचा वर्ग करून त्या त्रिज्येच्या दुपटीने भागले की खोली निघते : १.१७ मिलिमीटर. नखाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त, एवढ्यासाठी माझे अठरा दिवस गेले! मोजायला गावातल्या गॅरेजातून फीलर गेज मागून आणले. ते कशाला हवे हे मी सांगितले, पण त्या बिचाऱ्याला वाटले स्कूटी बिघडली आहे.

ऐंशी नंबरच्या जाड भुकटीपासून सुरुवात करून पुढे १२०, २२०, ४००, ६०० अशी बारीक होत जायचे. प्रत्येक पायरीने आधीच्या पायरीचे खड्डे पुसायचे. येथे माझ्या हातून जी चूक झाली ती इतरांनी करू नये म्हणून लिहिते. ६०० ची भुकटी घेताना मी पाण्याची बादली धुतली, पण फडके तेच ठेवले. त्यात २२० चा एखादा कण राहिला असावा. घासताना ‘कर्र’ असा आवाज आला आणि पाहते तो काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा. तो काढायला पुन्हा २२० पासून सुरुवात करावी लागली. महिना वाया गेला. त्या रात्री मी जेवले नाही. दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) एवढेच म्हणाले, “बोअर गेली तव्हा आपण जेवलोच ना?”

सप्टेंबर २०२५ मध्ये जो पाऊस झाला तो सर्वांना आठवत असेलच. सीनेला पूर आला, रस्ते बंद झाले. दोन वर्षे ढगाची वाट पाहणारे दादा रानात उभ्या पाण्याकडे बघत बसले. उडीद काळा पडला. त्या दिवसांत कॉलेज नाही, रानात पाऊल टाकता येत नाही, म्हणून मी घरात बसून आरशाला झिलई देत होते. झिलईसाठी खालच्या चकतीवर डांबरासारख्या पिचचा थर ओतून त्यावर चौकटी पाडतात आणि सिरियम ऑक्साइडची गुलाबीसर भुकटी पाण्यातून लावतात. घर पडझडीत असताना मी काच चमकवीत बसले होते याची मला आज थोडी शरमही वाटते. पण खरे ते लिहिले पाहिजे.

आरसा बरोबर झाला की नाही हे तपासण्याची युक्ती फ्रान्सच्या लिओं फुकोची. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना फुको त्याच्या १८५१ च्या लंबकामुळे ठाऊक असतो. पृथ्वी फिरते हे त्याने पॅरिसमध्ये लोकांना डोळ्यांनी दाखविले. त्याच फुकोने आरशाची ही परीक्षा शोधली. आरशासमोर २४०० मिलिमीटरवर, म्हणजे सुमारे आठ फुटांवर, सुईच्या टोकाएवढ्या भोकातून उजेड सोडायचा. तो परत येऊन जेथे एकवटतो तेथे दाढीचे पाते हळूच आडवे न्यायचे आणि पात्याच्या कडेला डोळा लावायचा. आरसा निर्दोष असेल तर एका क्षणी सगळाच सारखा राखाडी होतो. कोठे उंचवटा असेल तर डोंगरासारखी सावली पडते. उजेडाच्या लहरीच्या काही अंशाएवढी चूक, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासची, एका पात्याने आणि बॅटरीने दिसते! खरे तर आरसा गोलाचा भाग नसून किंचित अन्वस्ताकार हवा. पण सहा इंची आरशाचे नाभीय अंतर चार फूट असले की दोन्हींतला फरक फारच अल्प उरतो. म्हणून नवशिक्याने हेच माप घ्यावे असे सांगतात. माझ्या आरशाची कड थोडी खचलेली आहे. ती मी काळ्या कागदाच्या कड्याने झाकून टाकली.

अॅल्युमिनियमचा थर पुण्याहून करून आणला. तो निर्वात भांड्यात द्यावा लागतो, तेवढे घरी होत नाही. मग केसिंगचा तुकडा आतून काळा रंगविला, तळाशी मोठा आरसा, वरच्या बाजूला पंचेचाळीस अंशांत एक छोटा सपाट आरसा आणि बाजूच्या भोकात नेत्रिका. नेत्रिका मात्र विकत घेतल्या, पंचवीस आणि दहा मिलिमीटरच्या. १२०० ला नेत्रिकेच्या आकड्याने भागले की दुर्बीण किती पट दाखविते ते कळते : अठ्ठेचाळीस आणि एकशे वीस. बैठक सुताराकडून प्लायवूडची करून घेतली. हा नमुना जॉन डॉब्सन या अमेरिकन गृहस्थांचा. ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात तेवीस वर्षे साधू होते. टाकाऊ काचा आणि पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून ते दुर्बिणी करीत आणि रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवीत. २०१४ मध्ये ते वारले. एकूण खर्च सात हजार आठशे रुपये झाला, सुताराची मजुरी धरून.

पहिल्यांदा दुर्बीण लावली ती नोव्हेंबर २०२५ मध्ये, आमच्या स्लॅबवर. मुलीने रात्री एकटीने वर बसायचे नाही असा घरचा नियम, म्हणून आजी गोधडी घेऊन सोबतीला आली. तिला ताऱ्यांची माझ्यापेक्षा जास्त ओळख आहे. सप्तर्षी म्हणजे तिच्या लेखी म्हातारीची बाज आणि तीन चोर. मृगातले तीन ओळीतले तारे म्हणजे तिकांडं. घड्याळ नव्हते तेव्हा ती तिकांडं पाहून मोटेवर जाणाऱ्यांच्या भाकरी करायला उठत असे. मी तिला मोठ्या तोऱ्यात शनी दाखविला. पण २३ मार्च २०२५ रोजी शनीची कडी पृथ्वीवरून बरोबर कडेने दिसली होती आणि नोव्हेंबरातही ती जवळजवळ तशीच होती. सुमारे पंधरा वर्षांनी हा योग येतो आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. आजी म्हणाली, “गोटीला सुई टोचलीय. ह्यासाठी एवढं घासलंस व्हय?”

आता कॅमेऱ्याविषयी. डोळा आलेला उजेड साठवीत नाही. क्षणाक्षणाला पाटी पुसली जाते. कॅमेरा मात्र झाकण उघडे ठेवील तोवर उजेड साठवितो, म्हणून डोळ्याला न दिसणारे त्याला दिसते. मी आमच्या घरातलाच मोबाइल वापरला. लाकडी पट्ट्यांचा चिमटा करून तो नेत्रिकेवर असा बसविला की त्याचे भिंग बरोबर नेत्रिकेच्या मध्यावर यावे. चंद्र लगेच आला, कारण त्याला उजेड भरपूर. खरी अडचण ताऱ्यांची. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्यामुळे अठ्ठेचाळीस पटीच्या नेत्रिकेत एक तारा या कडेपासून त्या कडेपर्यंत चार मिनिटांत निघून जातो. कॅमेरा चार सेकंद उघडा ठेवला तर ठिपक्याची रेघ होते. सरांनी वर्गात शिकविलेले परिवलन मला पहिल्यांदा दिसले ते त्या रेघेत.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, दुर्बिणीशिवाय नुसता कॅमेरा वापरायचा असेल तर. दोन फळ्या बिजागरीने जोडायच्या आणि बिजागरीचा रोख ध्रुवाकडे करायचा. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून सुमारे पावणेएकोणीस अंशांवर असतो, कारण आपले अक्षांश तेवढेच. बिजागरीपासून २२८.५ मिलिमीटरवर एक मिलिमीटर आट्याचा बोल्ट बसवून तो मिनिटाला एक फेरा फिरविला, की वरची फळी पृथ्वीच्याच वेगाने उलटी उघडत जाते. घड्याळाचा सेकंदकाटा पाहात हाताने फिरवायचा. धाकट्या भावाला हे काम फार आवडते. जेऊरची ती सरकणारी पट्टी आणि आमची ही फळी यांचे तत्त्व एकच.

दुसरा उपाय दुर्बिणीसाठी. एकच लांब छायाचित्र न घेता एकेक सेकंदाची दोनशे घ्यायची आणि संगणकावर एकावर एक बसवायची. तारा सगळ्यांत त्याच जागी असतो, कॅमेऱ्याचे खरखरीत ठिपके मात्र दर वेळी वेगळ्या जागी पडतात. शंभर चित्रे जुळविली की तारा खरखरीपेक्षा दहापट उठून दिसतो. (सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीही वळवू नये. डोळा क्षणात जातो.)

जानेवारी २०२६ मधल्या एका रात्री मी मृगाची अशी चित्रे घेत होते. तिकांड्याच्या खाली तीन मिणमिणत्या चांदण्या आहेत, त्यांतली मधली धूसर दिसते. तो तेजोमेघ. सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर; म्हणजे तेथून निघालेला जो उजेड त्या रात्री आमच्या स्लॅबवर पोचला तो निघाला तेव्हा आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते. तेवढ्यात दादा वर आले. कापलेली तूर रानात पडून होती, म्हणून ते आभाळ बघायला आले होते. मी म्हटले, “दादा, मृग बघा.”

“मृग? आत्ता?” ते म्हणाले. त्यांचा मृग जूनच्या सात-आठ तारखेला निघतो आणि पेरणीपाशी संपतो. चाळीस वर्षे ते मृगाची वाट पाहात आले, पण मृग नावाचे तारे असतात हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. मी सांगितले की जूनमध्ये सूर्यच त्या ताऱ्यांच्या पुढ्यात येऊन उभा राहतो, यालाच मृग निघाला म्हणतात. म्हणून पावसाच्या मृगात आकाशातला मृग कधीच दिसत नाही. दिसतो तो हिवाळ्यात. ते बराच वेळ गप्प राहिले. मग मोबाइल काढून मी त्यांना नेत्रिकेला डोळा लावायला सांगितले.

“धुराळ्यावानी दिसतंय.”

“वायू आणि धूळ आहे. ढगच तो. त्यात नवे तारे तयार होतात.”

“मृगात ढग हाय म्हण की,” ते म्हणाले आणि डोळा न काढता विचारले, “मावळतीचा दिसंल का ह्यातनं?”

मी मान वर करून पाहिले तर मावळतीकडचे तारे गेलेले होते. एकशे त्रेचाळीस चित्रे झाली होती. दुर्बिणीवर पोते टाकले आणि आम्ही दोघे ताडपत्री घेऊन रानात गेलो. तूर झाकून होईतो चार थेंब पडले, जास्त नाही. उरलेली सत्तावन्न चित्रे अजून घ्यायची आहेत. मृग एप्रिलपर्यंत संध्याकाळचा दिसतो.